बूच कुणी बसवलं

खुर्ची जरा दिव्याजवळ ओढून घ्या, डॉक्टर. वीज येईल तेव्हा येईल. हा जो वास येतोय ना, तो ग्रीसचा आणि रेझिनचा. दोन दिवसांत नाकाला त्याची सवय होते, मग बाहेरची स्वच्छ हवाच बेचव लागायला लागते. उद्या सकाळी मी तुम्हाला आमच्या बोटीतून तलावापलीकडच्या वस्तीवर नेणार आहे, आणि तिच्यात पाय ठेवण्याआधी तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली बरी. घाबरू नका. गोष्ट आनंदाची आहे. म्हणजे, बरीचशी.

मी दूर गेले ती बोटी बांधायचं शास्त्र शिकायला, आणि परत आले ती डोक्यात एकच खूळ घेऊन. पलीकडे माणसं राहतात. त्यांना ताप येतो, त्यांच्या घरी बाळंतपणं होतात, आणि दवाखाना अलीकडे. रस्ता एवढा वळसा घालून जातो की अर्धा दिवस त्यातच मोडतो. मध्ये पाणी आहे आणि आमच्या घरी बोट आहे, मग अडलंय कुठे? हे सगळं मी आल्या आल्या, बॅग खांद्यावरून उतरवायच्या आत, दारातच ऐकवलं. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, शांतपणे म्हणाला, "आधी चपला काढ. मग क्रांती कर."

हे यार्ड माझ्या काकांचं. बोटी दुरुस्त करायच्या आणि बोटी ओढणाऱ्या गाड्याही, हे काम त्यांनी जन्मभर केलं. ते गेल्यावर दादाने गाड्यांचं काम चालू ठेवलं. बोटीला मात्र काकूने कुणाला हात लावू दिला नाही. काका गेले ते घरात, अंथरुणावर, झोपेत. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांची ही लाडकी बोट गळायची, ते हट्टाने तीच घेऊन जायचे, आणि संध्याकाळ झाली की काकू किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. ते उभं राहणं तिच्या पायांतून कधी गेलंच नाही.

"दुरुस्त कर," ती मला म्हणाली. "एवढं शिकून आलीस, हात चालव. पण एकच फेरी. आलीस की मी स्वतः तळात हात फिरवीन. एक थेंब जरी हाताला लागला ना पोरी, तर करवत मी आणीन आणि मीच चालवीन."

"आणि कोरडी निघाली तर?"

"तर तुझी." मग आत जाता जाता ती म्हणाली, "निघायची नाही."

तुम्हाला सांगते डॉक्टर, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे महिने ते. सकाळी मी बोटीखाली उताणी झोपून जुना रंग खरवडायची, तडे उघडे करायची, त्यांवर कापडाचे थर रेझिनने बसवायची. शेजारी दादा बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरशी झुंजायचा. चाकं गंजून अशी धरली होती की तो म्हणाला, "यांना आता पेन्शनच द्यायला पाहिजे." तरी त्याने ती उतरवली, बेअरिंग नवी घातली, बोटांनी ग्रीस भरलं. जीपचा क्लच बदलला, मागचा हूक वेल्ड करून घेतला. दुपारी आम्ही दोघंही डोक्यापासून पायापर्यंत माखलेले असायचो, आणि काकू लांबूनच म्हणायची, "जेवायला या. येताना माणसं होऊन या."

आता एक बारकी गोष्ट समजून घ्या. बोटीच्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढं भोक असतं. बोट जमिनीवर असली की ते उघडं ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात सोडण्याआधी त्यात पितळी बूच पिळून घट्ट बसवायचं. ते विसरलात तर बोट थोडा वेळ ऐटीत चालते आणि मग मागून खाली जाते. विसरणारे भरपूर असतात, म्हणून काकांनी एक रीत घालून दिली होती. जीप उलटी घेऊन ट्रेलर पाण्यात ढकलण्याआधी चालवणाऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "बूच?" मागे उभा असेल त्याने बुचाला हात लावून ओरडायचं, "बसलंय!" उत्तर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. दादा आजही ही रीत मोडत नाही.

फेरीच्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. पाण्यावरून येऊन ते उतारावर असं बसलं की जीपच्या टपाशी उभं राहिलं तर बोटीचं मागचं टोक दिसत नव्हतं. आवाज दबले होते. कुठेतरी पाणी दगडाला लागत होतं, चुबुक... चुबुक... आणि शेवाळाचा ओला, हिरवा वास.

उताराच्या तोंडाशी आम्ही थांबलो. ओढून आणलेल्या ट्रेलरची चाकं मधोमध तापलेली असतात. तशीच थंड पाण्यात घातली तर बेअरिंग पाणी आत ओढून घेतात, म्हणून ती निवेपर्यंत धीर धरायचा. मी चाकावर तळहात ठेवून बघत होते तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, हातात लशींचा डबा. पलीकडच्या पोरांना टोचायला त्या आमच्याबरोबर येणार होत्या. मी लगेच त्यांना बोटीच्या आकारामागचं शास्त्र समजवायला लागले, दोन्ही हात हलवून. बूच माझ्या खिशात होतं.

धुक्यातून दादाचा आवाज आला, "बूच?"

मी तोंड उघडणार, त्याआधीच बोटीच्या मागून उत्तर आलं. "बसलंय!"

स्पष्ट. खणखणीत. जरासं हसरंच. बाईचा आवाज होता, म्हणून मला वाटलं, काकू! काकू आपण होऊन बोटीला हात लावतेय! मला इतका आनंद झाला की खिशातलं बूच मी साफ विसरले.

बोट पाण्यात उतरली, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी सरळ. दादा जीप वर लावून धावत आला आणि उडी मारून आत बसला. काकू काठावर होती. तिने हात हलवला नाही, पण पदर खोचला. आमच्या घरात त्याचा अर्थ, लवकर या.

तलावाच्या मध्यावर मी इंजिन मंद केलं. पुढचं काही दिसेना. चारी बाजूंना पांढरं. सिस्टर पुढे, मांडीवर डबा घेऊन, गुणगुणत होत्या. हात पुसायला फडकं काढावं म्हणून मी खिशात हात घातला...

बूच हाताला लागलं.

दादा शेजारीच होता. मी अगदी हळू म्हटलं, "दादा... बूच कुणी बसवलं?"

"तू."

"मी नाही."

"चेष्टा पुरे हं, कप्तान. तूच ओरडलीस ना, बसलंय म्हणून?"

"मला वाटलं काकू..."

"आई माझ्या खिडकीला टेकून उभी होती. ती बोललीच नाही." त्याने माझ्या मुठीकडे बघितलं. मी मूठ उघडली.

पुढून सिस्टर म्हणाल्या, "किती छान चालतेय गं ही! जसं काही कुणी उचलून नेतंय."

आम्ही मागची तळफळी उचलली. एव्हाना तिथे घोटाभर पाणी असायला हवं होतं. तळ कोरडा होता. मी पालथी पडले, हात आत घातला, चाचपत भोकापर्यंत नेला आणि बोट टेकवलं.

भोक रिकामं नव्हतं.

ते लाकूड नव्हतं, पितळ नव्हतं. मऊ होतं. गार पाण्यातलं, तरी गार नव्हतं. मी दाबलं. आणि डॉक्टर, त्याने मला उलट दाबलं. जोरात नाही. गर्दीत ओळखीचं माणूस आपला हात हळूच दाबतं ना, आहे मी, आहे, असं सांगायला... तसं.

"काय आहे?" दादा कुजबुजला.

मी बोट तिथेच टेकवून ठेवलं.

"अगं, बूच लाव की!"

"लावू कुठे?" मी म्हटलं. "जागा नाहीये."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी, खोटं नाही सांगत, त्याला हसू फुटलं. मग मलाही. आम्ही दोघं तोंडावर हात दाबून, हसत होतो. सिस्टरांना वाटलं आम्ही त्यांच्या गाण्याला हसतोय. त्या गप्प झाल्या. मग मात्र फक्त इंजिनाचा आवाज उरला, आणि बोटीखालून येणारा दुसरा एक. पुष्कळ माणसं पाण्यातून चालावीत तसा.

पलीकडे पोचलो. काठावर आख्खी वस्ती उभी होती. एका आजीने बोटीच्या नाकाला हात लावून बघितला, नातवाच्या गालाला लावावा तसा. पोरं टोचून घ्यायला रांगेत आली, पहिलं रडल्याबरोबर बाकीची सगळी सूर धरून रडली, आणि त्या गोंगाटात मी बोटीच्या मागे गेले. भोक उघडं होतं. आरपार उजेड दिसत होता. मी बूच घातलं, पिळलं, बसलं. परतीची फेरी साधी झाली. साधी म्हणजे, मी एकदाही खाली वाकले नाही.

अलीकडे येईपर्यंत धुकं विरलं होतं आणि ऊन कलतं झालं होतं. ट्रेलरवर बोट वर ओढून घेतली. काकूने चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि आत चढली. तळफळ्या एकेक उचलून ती हात फिरवत गेली. पुढून मागे. कोपऱ्यांत. फटींत. दादा आणि मी श्वास रोखून उभे. मग तिने तळहात वर केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. उन्हात तो कोरडा ठणठणीत होता.

"कोरडी आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "अगं, ही कोरडी आहे!"

आता गप्प राहिले असते तर बोट माझी होती. पण ज्या बोटीत मी लोकांची लेकरं बसवणार तिची सुरुवात लपवाछपवीने करायची? मला जमेना. मी खिशातलं बूच, तो परका आवाज, भोकातलं ते मऊ काहीतरी, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि म्हटलं, "आता तू ठरव, काकू. करवत आणायची असेल तर आण."

काकू बोटीच्या कडेवर बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, "आवाज मीही ऐकला. जीपपाशी उभी होते. तो बोटीमागून नाही आला. त्याच्याही मागून आला. पाण्याकडून. तेव्हा वाटलं, धुक्यात भास झाला."

"काका असतील," दादा घुटमळत म्हणाला.

"बाईचा आवाज होता रे, वेड्या. आणि त्यांचा असता तर मी झोपेतही ओळखला असता." तिने बोटीच्या कडेवरून हात फिरवला. "इतकी वर्षं मी इथे उभी राहायचे. वाटायचं, मी एकटीच वाट बघतेय..." मग एकदम उठली आणि पदर झटकला. "बोट कोरडी यावी, एवढंच बोलणं झालं होतं. कोरडी आली. तुझी. आता चल, अंधार पडायच्या आत मला एक चक्कर मारून आण. बूच मी लावते."

तिने ते काढून, पुसून, पुन्हा पिळून लावलं. दादाने विचारलं, काकू ओरडली, "बसलंय!" आणि आम्ही तिघं कानात प्राण आणून उभे राहिलो. दुसरं कुणी बोललं नाही. काकू त्या चकरेत लहान मुलीसारखी पाण्यात हात सोडून बसली होती.

तेव्हापासून बोट थांबलेली नाही. पलीकडची पोरं आता इंजिनाचा आवाज ओळखतात. एका बाईने लेकीचं नाव बोटीवरून ठेवायचं म्हटलं, तेव्हा कळलं की बोटीला आम्ही नावच दिलेलं नाही. आणि आता तुमच्यासारखे डॉक्टर यायला लागले. याहून जास्त मी काय मागू?

राहिलं तेवढं सांगते. बोटीच्या अंगावर बाहेरून एक तांबडी रेघ आहे, मी मोजून आखलेली. माणसं बसली की बोट दबते आणि रेघ बुडते. माणसं उतरली की ती वर येते. उद्या पलीकडे पोचलो की तुम्ही उतराल, सिस्टर उतरतील, मी आणि दादाही उतरू. तेव्हा लगेच वस्तीकडे जाऊ नका. माझ्याजवळ उभे राहा आणि रेघ बघा. ती वर येईल. पाणी अगदी शांत असेल. मग बोट मागून एकदा हळूच दबेल. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा... एकेक जण सांभाळून चढावा तशी, रेघ पार बुडेपर्यंत.

दादा म्हणतो, त्यांनाही बसावंसं वाटत असेल. आम्ही आमचं काम आटपून येतो तोवर रेघ वर आलेली असते.

गेल्या खेपेला मात्र आली नव्हती. दिवस मावळत होता, थांबून चालणार नव्हतं. आम्ही तसेच चढलो. बोट आणखी दबली नाही, खालून कुणी धरली असावी तशी. सिस्टर त्यांच्या नेहमीच्या जागी, पुढे, जाऊन बसल्या. आणि मग, कुणी काही न म्हणता, थोड्या बाजूला सरकल्या.