विलोकाकांच्या जनरेटरचं पेट्रोल कोण चोरतं?

"चोर! पुन्हा चोर!"

विलोकाका एवढ्या जोरात ओरडले, की केळीखालच्या कोंबड्या चहूकडे पांगल्या. उद्या तीन राजांचा सण! आज रात्री राजे उंटांवरून मुलांसाठी भेटी आणणार. राजांच्या उंटांसाठी खोक्यांत गवत भरत बसलेली शेजारची नाशाली, काकांचा मुलगा यादियेल आणि त्याची धाकटी बहीण लुमारी हातातलं टाकून परसात धावली.

"बघा! काल टाकी काठोकाठ भरली होती, आज अर्धीसुद्धा नाही!" काका जनरेटरवर थाप मारत म्हणाले. दरड कोसळून विजेचा खांब आडवा झाला, त्याला आठ दिवस झाले होते. तेव्हापासून घराचा सगळा भार याच यंत्रावर होता. "आणि आता चालूही होत नाही मेलं!"

त्यांनी चोक ओढला, दोरीला हिसका दिला. एकदा, पाचदा, दहादा! यंत्र खोकलं, काळ्या धुराचा लोट सोडला आणि गप्प झालं.

"पण चोर कोण, पप्पा?" यादियेलनं विचारलं.

काकांनी ओठ पुढे काढून कुंपणापलीकडे खूण केली. "गवत कापायचं मशीन कुणाकडे आहे? त्याला पेट्रोल लागतं की नाही? सगळ्या वस्तीत सांगून आलोय मी. उद्या त्या म्हाताऱ्याला जेवायला बोलवायचं नाही!"

नाशालीचे कान तापले. तो म्हातारा म्हणजे तिचे बिएन्वेआजोबा! सकाळीच बेकरीत त्यांना पाहून लोक बोलायचे थांबले होते. आजोबा पाव न घेताच घरी आले होते आणि तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते.

"माझे आजोबा चोर नाहीत!" ती म्हणाली.

"मग पेट्रोलला पाय फुटले का?" असं म्हणून काका आणखी पेट्रोल आणायला गाडीत बसून निघून गेले.

"आपण रात्री पहारा देऊ!" यादियेल कुजबुजला.

"तू? तू तर आठ वाजताच घोरायला लागतोस!"

"मी घोरत नाही! जोरात श्वास घेतो!"

"गप्प बसा दोघं!" लुमारी जमिनीवर पालथी पडली होती. "इथं एकपण मुंगी नाही."

खरंच की! परसात जिकडेतिकडे मुंग्यांच्या रांगा, आणि जनरेटरखालच्या मातीत मात्र एकही नाही. ती माती काळपट ओली होती. नाशालीनं वास घेतला आणि तिचे डोळे चमकले.

"पेट्रोल! यादियेल, एक ताट आण. पत्र्याचं!"

त्यांनी ताट यंत्राखाली सरकवलं आणि कान देऊन बसले. टप्... टप्... टप्! टाकीखालची तोटी उघडीच होती. नाशालीनं ती बंद केली. थोड्या वेळानं थेंब थांबले. पुन्हा उघडली, आणि पुन्हा टप्!

"म्हणजे पप्पा रात्रभर तोटी उघडी ठेवतात!" यादियेल म्हणाला. "पण मुळात गळतं कशामुळे?"

ते सांगू शकणारा, यंत्रं दुरुस्त करणारा माणूस वस्तीत एकच होता, आणि तो रुसून बसला होता.

"त्या अंगणात मी पाऊल ठेवणार नाही," बिएन्वेआजोबा म्हणाले.

"मग लोकांना वाटेल, काकांचंच खरं," नाशाली म्हणाली.

आजोबांनी पान्हा उचलला.

तोटी बंद करून त्यांनी स्क्रू सैल केला, तेवढ्यात काकांची गाडी येऊन थांबली.

"माझ्या मशीनला हात? दिवसाढवळ्या?"

"पप्पा, आधी हे ताट बघा!" यादियेल दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. काकांनी ताट पाहिलं, वास घेतला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हा कार्ब्युरेटर," आजोबा शांतपणे म्हणाले. "खाली ही वाटी. ती भरली की फ्लोट वर तरंगतो आणि ही सुई भोक बंद करते. संडासाच्या फ्लशच्या टाकीत नाही का गोळा असतो, तसंच. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल वाहतच राहतं. इंजिन पेट्रोलनं तुंबतं, आणि त्यात हे महाशय चोक ओढून आणखी पाजतात!"

त्यांनी सुई उजेडात धरली. टोकाला लालभडक काहीतरी चिकटलं होतं.

"आचिओते!" लुमारी ओरडली. "केळीच्या पानातल्या पास्तेलांच्या तेलात आजी रंगाला घालते ते!"

खरंच, ते आचिओतेच्या लाल बीचं साल होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकांच्या आईचं, हर्मिनियाआजीचं डोकं बाहेर आलं. "विलो! माझं तेल गाळायचं नरसाळं तू घेतलंस? आठवडाभर शोधतेय मी!"

"जवळ दुसरं नव्हतं, आई..."

"आणि टाकीच्या तोंडाची जाळी?" आजोबांनी विचारलं.

"भरायला वेळ लागायचा, म्हणून... काढून ठेवली."

यादियेल खो-खो हसत सुटला. काकांनी डोळे वटारले, पण ते कुणालाच खरे वाटले नाहीत.

आजोबांनी सुई आणि तिची बैठक साफ केली, प्लग काढून पुसला, वाळवला. इंजिनच्या तेलातही पेट्रोल उतरलं होतं, तेही बदलायला लावलं. जाळी जागेवर बसली. नाशालीनं तोटी उघडली. एक थेंबही गळला नाही! काकांनी दोरी ओढली. दुसऱ्याच हिसक्याला, धडधडधड!

"मला माफ करा, बिएन्वेकाका," काका मान खाली घालून म्हणाले.

"इथं परसात माफी मागून काय उपयोग?" आजोबा हात पुसत म्हणाले. "चोर म्हणून तू मला चौदा घरांत पोचवलंस." आणि ते घरी निघून गेले.

काकांनी आत जाऊन भिंतीवरचा गुइरो काढला, भोपळ्याचा, काडीनं खरडून वाजवायचा.

त्या संध्याकाळी वस्तीत पार्रांदा निघाली. दर सणाला निघते तशीच, दारोदार गात. पण असं गाणं कुणी आजवर ऐकलं नव्हतं! प्रत्येक दारात काका गुइरो खरडत गायचे, "चोर सापडला, चोर सापडला! नरसाळं माझं, गाढव मी!" मागून तिघं मुलं ओरडायची, "गाढव मी!"

"मी नाही, तो!" यादियेल दर वेळी घाईनं सांगायचा.

लोक पोट धरून हसले आणि मागे येत गेले. ज्या तीन पोरांनी चोर पकडला त्यांच्या पाठीवर थापा पडत होत्या. "मोठ्यांना सुचलं नाही ते या मुलीनं केलं!" हर्मिनियाआजी प्रत्येक दारात सांगत होती.

शेवटचं घर बिएन्वेआजोबांचं. सगळी वस्ती फाटकाशी उभी राहिली. काकांचा घसा बसला होता, तरी पंधराव्यांदा ते पूर्ण गाणं गायले, आणि शेवटी गुइरो खाली करून म्हणाले, "बिएन्वेकाका, मी चुकलो. सगळ्यांसमोर सांगतो."

दार उघडलं. आतून कोंबडी आणि भाताच्या गरम साराचा, आसोपावचा वास आला. पार्रांदेला शेवटच्या घरी तोच मिळतो. चुलीवर घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं रटरटत होतं.

"आजोबा, एवढं कधी केलंत?" नाशालीनं विचारलं.

"दुपारीच चढवलं." आजोबांनी डोळे पुसले आणि ते हसले. "विलोला मी लहानपणापासून ओळखतो. या रे, आत या सगळे!"