मालक मागे बसतो

रक्त काढायला मी कुणाच्याही घरी जाते. दौंडमध्ये माझी छोटीशी लॅब आहे, आणि सुई बघून डोळे पांढरे करणारे पैलवान मी इतके पाहिलेत की आता कशाचंच नवल वाटत नाही. त्यामुळे माझ्या भावजयीचा, सुलक्षणाचा, फोन आला तेव्हाही मी फारसं मनावर घेतलं नाही. "वन्सं, यांचं रक्त तपासून बघा की एकदा. कपडे अंगावर लोंबाया लागल्यात," ती म्हणाली. मी नळ्यांचा डबा स्कूटीला अडकवला आणि दुपारी मांडवगण फराट्याची वाट धरली. सख्खा भाऊ आहे, फी तर मिळणार नव्हतीच.

वाटेत इनामगावचा फाटा लागला की मला नेहमी आप्पा आठवतात, म्हणजे आमचे वडील, सावळाराम. पुण्याहून मोठी मंडळी तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणायला आली तेव्हा आप्पा तरुण होते आणि त्या कामावर रोजानं जायचे. हजारो वर्षांपूर्वीची घरं निघाली, आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस घर सोडून चालत जाऊ नये म्हणून तोडत असतील, असा साहेबांचा अंदाज होता. आप्पा हे आम्हाला नेमकं जेवताना सांगायचे आणि आईच्या शिव्या खायचे.

आप्पांची माया दोन गोष्टींवर. एक आम्ही दोघं भावंडं आणि दुसरी शिरूर रस्त्याला न्हावऱ्याच्या पुढं असलेली जमीन. ती जमीन माझ्या भावानं, सत्यजीतनं, एका गोदामवाल्या कंपनीला विकली. आप्पांनी सही केली, पण कागदाकडं न बघता. आणि त्या जमिनीची सत्यजीतनं काय आणली, तर रॅडबर्न गाडी.

गाडीचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, आम्हीही ऐकलं नव्हतं. पण सत्यजीतला त्या कंपनीचा इतिहास असा पाठ झाला होता की शाळेतल्या मास्तरांना गहिवरून आलं असतं. विलायतेत कुणी एक सुतार होता, तो आधी उमरावांसाठी घोड्यांच्या बग्ग्या बनवायचा. बग्गी हाकणाऱ्याची फळी तो मुद्दाम कडक ठेवायचा आणि मागची गादी अशी करायचा की धन्याला रस्ता कळू नये. पुढं त्याच्या नातवांनी मोटारी काढल्या. संस्थानिकांनी त्या बोटीनं मागवल्या. पण रीत तीच राहिली. "ताई, ह्या गाडीत मालक मागं बसतो," सत्यजीत मोठ्या ऐटीत सांगायचा, आणि स्वतः मात्र पुढं बसून स्टिअरिंग धरायचा, कारण ड्रायव्हरच्या हातात गाडी द्यायला जीव होत नव्हता. मी त्याला यावरून खूप चिडवायचे.

लिंबू-नारळ झालं, पेढे वाटले, सगळा गाव एकेकदा बसून आला. आप्पा बसले नाहीत. गुडघे गेले होते, अंगणातून संडासापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची, पण गाडीत बसा म्हटलं की तोंड फिरवायचे. "माझी जमीन इकून आणली ना ती? माझं मढं बी बसायचं न्हाई तिच्यात," म्हणाले.

गेल्या भाद्रपदात आप्पा दौंडच्या एका दवाखान्यात वारले. मी तिथंच होते. ॲम्बुलन्स दारात उभी होती, पण सत्यजीतच्या डोक्यात काहीतरी शिरलं. माझा बाप माझ्याच गाडीतून जाणार, म्हणाला. मी भांडले, दवाखान्यातल्या बायांनी समजावलं, पण ऐकतोय कोण. त्यानं आप्पांना उचलून मागच्या डाव्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. मी रडत पुढं बसले. सरळ घरी न्यायचं तर तेही नाही. "त्यांना एकदा जमीन दाखवतो," म्हणून हा शिरूर रस्त्याला गेला, गोदामाच्या गेटापाशी गाडी उभी करून बापाशी बोलत बसला, हुंदके देत बसला. मी हात जोडले तेव्हा कुठं परत फिरला.

घरी पोचेपर्यंत आप्पा ताठले होते. बसल्या जागी, गुडघे मोडलेले, तसेच. चौघांनी मिळून काढलं तरी पाय सरळ होईनात. तिरडीवर कुशीवर ठेवावं लागलं. भावकीतल्या बानूबाईनं कपाळावर हात मारला. "बसलेला माणूस आधी उठवूनशान न्यायचा असतो रं बाबा, न्हाईतर त्यो तिथंच बसून ऱ्हातो," एवढंच म्हणाली.

तर त्या दुपारी मी पोचले तेव्हा सत्यजीत ओसरीवर बसला होता आणि मी एक क्षण त्याला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. मी दंड बांधला, शीर शोधली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात अडकलेला म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार सर, मोनिका बोलतेय, पुण्याच्या शोरूममधून. या महिन्याचा तुमचा ओनरशिप एक्स्पीरियन्स कसा राहिला?"

"बरा हाय."

"सर, सिस्टिमवर दिसतंय की मागच्या डाव्या सीटचा मसाज रोज संध्याकाळी खूप वेळ चालू असतो. मोटर गरम होतेय. मोठ्या सरांना सांगाल का, मध्ये मध्ये बंद करायला?"

"सांगतो," सत्यजीत म्हणाला. "पर ते ऐकत न्हाईत कुणाचं."

माझ्या हातातली सुई थांबली. सुलक्षणा दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. मी नळी भरून घेतली, दंड सोडला आणि तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले.

"रोज दिवेलागणीला गाडी काढत्यात, वन्सं," ती कुजबुजली. "मध्यरातीला येत्यात. जेवण न्हाई, झोप न्हाई. इचारलं तर म्हणत्यात, आप्पांना फिरवून आणलं. तुमी तरी त्यांना त्या गाडीतनं भाईर काढा. माझा संसार बुडाला बघा."

वडील गेल्याचं दुःख त्याच्या डोक्यात गेलंय, पुण्याला चांगल्या डॉक्टरला दाखवू, असं मी तिला सांगितलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण दाखवायचं तर आधी नक्की काय चाललंय ते कळायला हवं. म्हणून दिवे लागले आणि सत्यजीतनं किल्ली घेतली तशी मीही चपला घातल्या.

मी मागच्या डाव्या दाराला हात घातला.

"तिथं नगं, ताई," तो हळूच म्हणाला. "पुढं बस."

त्या गाडीत बाहेरचा आवाज अजिबात येत नाही. ट्रक शेजारून गेला तरी नुसता दिसतो. कातड्याचा वास, काचेपलीकडे उसाची शेतं काळी पडत चाललेली, आणि आत इतकी शांतता की स्वतःचं गिळणं स्वतःला ऐकू यावं. मी काहीतरी बोलायचं म्हणून सुलक्षणाच्या भाकऱ्यांचा विषय काढला. तो हूं हूं करत होता. पण ते हूं हूं माझ्या बोलण्याला नव्हतं, मी काही बोलत नसतानाच तो "व्हय" म्हणायचा, "बरं, घेतो सावकाश" म्हणायचा, आणि खड्डा आला की आरशात बघून गाडी हळू करायचा.

मग मागून घरघर सुरू झाली. मसाजची मोटर. पाठोपाठ एरंडेलाचा वास आला. आप्पा रोज रात्री गुडघ्यांना एरंडेल चोळायचे.

मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. पट्टा लावलेला होता. आणि पट्ट्याखालचं कातडं खोल दबलेलं होतं.

"सत्या..." मी म्हणाले. "सत्या, आप्पा गेले रे. आपण अग्नी दिला त्यांना."

"दिला की."

"मग मेलेला माणूस..."

"इनामगावच्या लोकांनी पाय तोडून ठेवलं माणसांचं, तुला म्हाईत हाय ना?" तो आरशात बघत हसला. इतकं प्रेमळ हसू मी त्याच्या तोंडावर लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. "आप्पांना पाय कशाला पायजेत, ताई? मी हाय ना."

गोदामाच्या गेटापाशी गाडी थांबली. उंच पत्र्याच्या भिंतीवर मोठा दिवा होता आणि त्याच्या उजेडात बिहारकडचा एक वॉचमन खुर्चीवर बसला होता. गाडी बघून तो उठला, माठातून ग्लास भरला आणि सरळ मागच्या डाव्या खिडकीशी आला. काच खाली गेली होती. ती कुणी खाली केली, मी पाहिलं नाही.

"लीजिए बाबूजी," तो म्हणाला.

"किसको दे रहे हो भैया?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "पीछे वाले बाबूजी को। रोज पीते हैं।"

त्यानं हात बाहेर काढला तेव्हा ग्लास रिकामा होता. सीट कोरडी होती.

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू. पण शेजारी माझा भाऊ बसला होता, त्याच्या मनगटाचं हाड शर्टाच्या बाहीतून वर आलं होतं, आणि मला एकदम राग आला. मेलेल्या माणसाचाही राग येतो. मी उतरले, मागचं दार उघडलं आणि पट्टा सोडवला.

"आप्पा, उतरा," मी म्हणाले. "ह्याच जमिनीसाठी तुमचा जीव तुटत होता ना? ही घ्या तुमची जमीन. इथं राहा. पोरगं वाळून चाललंय, त्याला सोडा आता."

"ताई, नगं!" सत्यजीत ओरडला. "अंधार पडलाय... त्यांना चालता येत न्हाई, ताई..."

मी दार धरून उभी राहिले. घरघर थांबली. मग गाडी त्या बाजूनं किंचित वर आली, जड माणूस उतरल्यावर येते तेवढीच, आणि कातडं हळूहळू सपाट झालं. माझ्या अंगाला चाटून एरंडेलाचा वास बाहेर गेला. मी दार लोटलं, आणि त्या गाडीची दारं बसतात तसं ते उरलेलं अंतर आपलं आपण ओढून घट्ट बसलं. वॉचमनला मी माझा नंबर दिला, का दिला कोण जाणे, आणि सत्यजीतला बाजूला सरकवून गाडी स्वतः चालवत परत आणली. नदीच्या बाजूला वळेपर्यंत तो लहान मुलासारखा रडत होता. मग झोपला.

गाडी आम्ही शोरूमला परत दिली. मोनिकानं फार गोड बोलून ताब्यात घेतली. त्याच्या रक्तात काही निघालं नव्हतंच. सत्यजीत पंधरवड्यात जेवायला लागला, महिन्यात शर्ट अंगाला बसायला लागले. सुलक्षणानं मला साडी नेसवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग एका संध्याकाळी फोन आला. "दीदी, बाबूजी को लेने कब आओगे? गेट पे बैठे हैं। घर जाना है, बोलते हैं।"

मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत. तिसऱ्या दिवशी परत. "दीदी, ठंड बहुत है। बाबूजी से उठा नहीं जाता।" मी कानावरून फोन काढून उशीखाली दाबायचे. माझे वडील होते हो ते. शाळेच्या पहिल्या दिवशी मला खांद्यावर बसवून नेणारे. त्यांना मी रस्त्यावर टाकून आले होते, आणि ते घरी न्या म्हणत होते. पण घरी म्हणजे सत्यजीतकडे. जिवंत माणूस वाचवायचा की मेलेला, यात मी जिवंत निवडला आणि आजही तोच निवडीन. शेवटी मी तो नंबर ब्लॉक केला.

सत्यजीतचाही नंबर त्या वॉचमनकडे असणार, तो रोजच तिथं जायचा, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच संध्याकाळी सुलक्षणाचा फोन आला. कुणाचा तरी फोन आला आणि सत्यजीत ताटावरून उठून गेला, म्हणाली. दारात मोटरसायकल होती, ती घेतली नाही. ती मागं पळाली तेव्हा म्हणाला, "मोटरसायकलीवर आप्पांना धरता यायचं न्हाई. पाठुंगळी घेऊन येतो." आणि चालत गेला.

उजाडताना तो परत आला. मी पोचले तेव्हा अंगणात उभा होता. कमरेतून वाकलेला, दोन्ही हात मागं नेऊन बोटांत बोटं घट्ट अडकवलेली. चेहऱ्यावर घामाचे ओघळ. पण समाधानी दिसत होता. सुलक्षणा पायरीवर बसून नुसती बघत होती.

मी चहाचा कप पुढं केला. "धर, सत्या. दमलास."

"हात मोकळं न्हाईत, ताई."

"मग सोड की. सोड ना रे..."

त्यानं मान वर केली. "सोडलं तर आप्पा पडतील."

त्या गोष्टीला आता दोन महिने झाले. तो बसत नाही, आडवा होत नाही, भिंतीला कपाळ टेकून उभ्यानं डोळा लावतो. सुलक्षणा त्याला घास भरवते. मी दर रविवारी जाते, समोर उभी राहून त्याच्याशी बोलते. पाठीमागं जाऊन अजून पाहिलेलं नाही.