तुरीचे तीन दाणे

"पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं असंल, त किराण्याचं दुकान टाका, पोरींनो. आणि नाडी मोजताना तोंड बंद. बोललं की आकडा पळते."

नर्सिंगच्या शाळेतल्या इंदुताई मॅडमचा हा आवाज उज्ज्वलाच्या कानात नऊ वर्षांपासून मुक्कामाला होता. कुणाच्याही मनगटावर तिनं तीन बोटं ठेवली की तो जागा व्हायचा, मिनिटभर पहारा द्यायचा आणि पुन्हा झोपायचा. नऊ वर्षांत एकाच मनगटापुढे त्याचं काही चाललं नाही. ते मनगट तिचं स्वतःचं होतं.

झालं असं, की दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ती जीपमध्ये बसली. नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन कोंबड्या. उपकेंद्रात रुजू होऊन तिला आठच दिवस झाले होते, आणि तेही मन अर्धं बाहेर ठेवून. पांढरकवड्याच्या मोठ्या दवाखान्यात हृदयरोग्यांच्या वॉर्डासाठी तिनं आधीच अर्ज करून ठेवला होता. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, तुरीला पिवळा फुलोरा... आणि त्या फुलोऱ्याशी जीप तिसऱ्यांदा थांबली. पागोटं बांधलेले एक म्हातारबाबा घाईघाईनं उतरले आणि तुरीआड झाले.

"भाऊ, गाडी काहून थांबवून राह्यले सारखी?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"इंजिन माझ्या हातात आहे, मॅडम. ब्रेक बाच्या हातात," तो म्हणाला. "ते माझे बा."

म्हातारबाबा परत येऊन बसले. उज्ज्वलाला राहवेना. "बाबा, लघवी व्हायची गोळी चालू आहे का तुमची?"

अख्खी जीप गप्प झाली. एक कोंबडीही.

"पाण्याची गोळी," म्हातारबाबा, म्हणजे नेमसिंगबाबा, अभिमानानं म्हणाले. "निंघताना घेतली. प्रवासात हवा मोकळी असते."

"बाबा, ती घरी असताना घ्यायची. सकाळी उठल्याबरोबर. बाजाराले निघता निघता नाही. अन् रोज वजन करता का? अंगात पाणी साठलं त वजनच आधी सांगते."

"वजन करतो ना. कापसाचं."

मागची माणसं हसली. ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्यानं समोरच्या आरशात पाहिलं... आरशात रस्ता नव्हता, उज्ज्वला होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "मी भारत. एखाद्या दिवशी तांड्यावर याल का? आमच्या घरी गोळ्यायचा पोळा भरला आहे. कोणता बैल कोणाचा, समजत नाही."

मंगळवारी ती टेकडी चढून बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेली. अंगणात नेमसिंगबाबांची मानीबाई, भारतची आई, आरसे जडवलेल्या कांचळीत, म्हणजे चोळीत, झगमगत उभी होती. "आव छोरी, बेस," म्हणून तिनं खाट झटकली आणि स्टीलचा डबा पुढे केला. हृदयाच्या, कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करायच्या, सगळ्या गोळ्या त्यात शेंगदाण्यांसारख्या नांदत होत्या. पाण्याची गोळी तेवढी बाबांच्या खिशात; बाकीच्यांत ते सकाळी मूठ घालायचे आणि हाताला येतील त्या दोन घ्यायचे.

उज्ज्वलानं कपाळाला हात लावला, मग बाह्या सरसावल्या. दवाखान्याचा कागद समोर ठेवून तिनं गोळ्या निवडल्या, पाकिटात भरल्या. मानीबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून सकाळच्या पाकिटांवर सूर्य काढला, कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीची, तिच्यावर चंद्र. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्याच बाटलीत, वेगळी.

पुढच्या मंगळवारी बाबांचे डोळे सुजलेले.

"सिस्टर, रातभर निंबाखाली येरझारा," भारत म्हणाला. "पहिले दोन दिवस कुत्रे भुकले. आता उठून जागा करून देतात."

कागदाची पाकिटं मानीबाईला कंगाल वाटली होती. तिनं लाल कापडाची पिशवी शिवली, तिला खण केले आणि टाके घालून एका खणावर आरशाचा सूर्य बसवला, दुसऱ्यावर आरशाचा चंद्र. दोन्ही गोल, दोन्ही झगझगीत. पाण्याची गोळी रोज रात्री पोटात जात होती.

"याडी, चंद्राची कोर नाही का काढायची?" उज्ज्वलानं विचारलं. भारतचं ऐकून तीही मानीबाईला याडी, म्हणजे आई, म्हणू लागली होती.

"अर्धा चंद्र कायले? माह्या नवऱ्याले पुनवेचाच पाह्यजे."

शेवटी भारतनं तोड काढली. सकाळच्या खणावर कोंबडा, रात्रीच्या खणावर खाट. मानीबाईनं ते भरलं आणि वर सिस्टरसाठी मराठीत गाणंही जुळवलं—

*कोंबड्याच्या घरी बाई, पाण्याची गोळी,*
*खाटेच्या घरी बाई, निजायच्या येळी,*
*जिभेखाली ठेव राजा, बसून घे आधी,*
*उभ्यानं घेशील तर रडंल तुही मानी.*

इतकं नेमकं तर इंदुताई मॅडमनीही शिकवलं नव्हतं.

आता उरली नाडीची गोळी. ठोके मंद करणारी. ती द्यायच्या आधी रोज नाडी मोजायची, साठच्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि आधी डॉक्टरांना फोन. तसं डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं. रोज मोजणारं माणूस घरचंच हवं. भारत पुढे आला.

आणि भारतला नाडी सापडेना.

जीपच्या इंजिनात कोणता नट ढिला आहे हे फर्लांगभरावरून ऐकणारा माणूस. बापाच्या मनगटावर त्याला कधी एकशेचाळीस सापडायचे, कधी अडतीस. एकदा तर काहीच नाही. "बा, आहेस ना?" त्यानं विचारलं, तेव्हा बाबांनी त्याला पागोट्याच्या शेवानं मारलं.

"आधी माझी मोजून पाहा," उज्ज्वला म्हणाली आणि हात पुढे केला. "अंगठ्याच्या खाली... दाबू नका. नुसती बोटं टेकवा. तोंड बंद."

त्यानं बोटं टेकवली. डिझेलचा वास असलेली, खरखरीत, आणि नवल म्हणजे फार हळुवार. निंबाचं एक पान खाटेवर पडलं. एक मिनिट गेलं.

"एकशेचार," तो म्हणाला.

"चुकलं तुमचं."

"असंल."

"चढ चढून आली ना मी. म्हणून."

"असंल," तो पुन्हा म्हणाला, आणि बोटं मात्र तिथंच राहिली.

असे पाच मंगळवार गेले. दर मंगळवारी भारतला नाडी येत नव्हती, दर मंगळवारी उज्ज्वला हात पुढे करत होती. एकशेदोन, चहा घेतला होता. एकशेसहा, ऊन होतं. तिसऱ्या मंगळवारी तिच्या तोंडून 'भाऊ' गळून पडलं. ते कुठं पडलं, हे शोधायला कोणी गेलं नाही.

मग पांढरकवड्याची ऑर्डर आली. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा. हृदयाचा वॉर्ड... तिला विद्यार्थिदशेपासून हवा होता तो. तिनं ऑर्डर पर्समध्ये ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण उपकेंद्राचा शिपाई जीपनंच जायचा, आणि जीपमध्ये बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या तांड्यांवर उतरायचं.

सहाव्या मंगळवारी पायथ्याशी जीप उभी होती. भारतनं दार उघडलं. वरपर्यंत तो फक्त गिअर बदलत राहिला. घरापाशी तिला उतरवून तो बॉनेट उघडून बसला. बिघाड काहीच नव्हता.

"याडी," उज्ज्वला अंगणात जाऊन म्हणाली, "मी आता जाणार पांढरकवड्याले. ह्यांना अजून नाडी येत नाही. बाबाची गोळी कशी होईन, याचीच काळजी आहे."

"नाडी?" मानीबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि तुरीचे दाणे खाटेवर मांडले. "पाह्य." मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावला आणि बाबांचं मनगट धरलं. ओठ हलू लागले. वीस झाले, एक दाणा सरकवला. पुन्हा वीस, दुसरा. मग तिसरा. मग वर चार ठोके, तोच मोबाइल कोंबड्यासारखा आरवला.

"तीन दाणे भरले, त गोळी. नाही भरले, त फोन. मागच्या शुक्रवारी दोनच भरले, अन् वर पंधरा. गोळी ठेवली, डॉक्टरसायबाले फोन केला. त्यायनं बोलावलं अन् गोळी अर्धी करून देली. भारतच घेऊन गेलता."

उज्ज्वलानं बाबांचं दुसरं मनगट धरून पूर्ण मिनिट मोजलं. चौसष्ट.

"याडी, कोणी शिकवलं हे?"

"भारतनं. तू त्याले नाडी दाखवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मले विसाच्या पुढं येत नाही, म्हणून दाणे काढले त्यानं."

"याडी," बॉनेटमागून आवाज आला, "तुले सांगितलं होतं ना, सांगू नोको म्हणून."

"मले गोळीचं गाणं येते. गुपिताचं येत नाही," मानीबाई म्हणाली.

उज्ज्वला जीपपाशी गेली. भारत रेडिएटरकडे अशा लक्षानं पाहत होता की जणू तिथं कोणी बुडालं होतं.

"पाच मंगळवार," ती म्हणाली.

"मोजून पाह्यलं होतं बरोबर," तो म्हणाला. "एकशेचार बरोबर होते. एकशेदोन अन् एकशेसहा बी. तुम्ही चुकलं म्हटलं, म्हणून पुन्हा मोजत राह्यलो."

"खोटं बोलले तुम्ही."

"मी येत नाही म्हटलं. तुम्ही चढ म्हटलं." त्यानं हात पुसले. "सिस्टर, पांढरकवड्याले जा तुम्ही. तुमच्यावानी बाई त्या वॉर्डात पाह्यजेच. घरी याडी नाडी मोजते. गाडीचं म्हणाल, त तिथल्या हैदराबाद रोडवर सीटा इकडच्याहून जास्त. मी तिकडं लाइन लावीन. पण कारण पाह्यजे ना काही. बा विचारतीन, गाडी तिकडं काहून? काय सांगू?"

उज्ज्वलानं हात पुढे केला.

त्यानं मोबाइलवर मिनिट लावलं आणि तीन बोटं टेकवली. खाटेवर बाबा आणि मानीबाई मान वळवून, मुळीच न बघितल्यासारखं, एकटक बघत होते. कापसाच्या रानातून गार वारा आला. नऊ वर्षांचा जुना आवाज कानात म्हणाला, तोंड बंद, पूर्ण एक मिनिट... आणि उज्ज्वला शहाण्या मुलीसारखी पूर्ण एक मिनिट गप्प राहिली.

मोबाइल आरवला.

"एकशेदहा," भारत हळूच म्हणाला. "आज त चढ बी नव्हता. गाडीनं आणलं मी."

"चढ कधीच नव्हता," उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही हात धरता म्हणून पळतात ठोके. बाबा विचारतीन, गाडी तिकडं काहून, त हेच सांगा."