गोदूबाईंचा ठेका

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पण मला खोटं पाडायला येऊ नका. फक्त नावं बदलली आहेत.

वेळ रात्रीची नाही. मार्च २०२३, मंगळवार, दुपारचे तीन. भिवंडी, धामणकर नाक्यामागची आमची जुनी चाळ, तिच्या मागे यंत्रमागांचा कारखाना.

आई-बाबा गेल्यापासून वरच्या खोलीत मी आणि धाकटा भाऊ अर्णव, दोघंच. मी शिकवते ती शाळा सकाळची. अर्णवची तबल्याची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि त्याच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते.

खाली गोदूबाई. मूळच्या अंजूरच्या, दम्यानं खाटेला खिळलेल्या. मुलगा मनोज दिवसभर राहनाळच्या गोदामात. आमची फळ्यांची जमीन म्हणजेच त्यांचं छत.

तोडगा त्यांनीच काढला होता.

"मागचे लूम चालू असले की खुशाल वाजव रं पोरा. त्या खडखडाटात मला तुझा तबला ऐकू येत न्हाय. लाईट गेली, लूम थांबले, की तू पन थांब. न्हाय थांबलास तर काठी ठोकीन."

अर्णव तबल्याखाली गोधडी घालायचा. लाईट गेली की थांबायचा. विसरला की खालून काठी छताला लागायची. वर्षभर सुरळीत चाललं.

त्या मंगळवारी लूम जोरात चालू होते.

तरी खालून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

माझं डोकंच फिरलं. "लूम चालू आहेत ना? मग हिला काय त्रास? थांबू नकोस तू."

अर्णव हसला. त्याने त्या ठोक्यांवरच ठेका धरला. खालून ठक, वरून धा. मलाही हसू आवरेना. मी टाळ्या देत बसले.

ठोके सावकाश पडू लागले. त्यानेही लय उतरवली.

ठक...

ठक...

मग काहीच नाही.

"हरली म्हातारी," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

संध्याकाळी मनोजची किंकाळी ऐकू आली. गोदूबाई गेल्या होत्या. दम्याचा पंप खाटेखाली पडलेला. काठी मुठीत घट्ट.

"अदितीताई, आईनं काठी नाय ठोकली काय?"

"लूम चालू होते रे. काही ऐकू आलं नाही."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

तेरावं झालं आणि अर्णव पुन्हा रियाजाला बसला. मनोज कामावर होता. खालच्या खोलीला कुलूप होतं.

बरोबर तीनला...

ठक. ठक. ठक.

अर्णवचे हात थांबले. ठोके थांबले नाहीत. वाढतच गेले. घाबरून त्याने तोच ठेका धरला. हळू. आणखी हळू. तेव्हा कुठे ते बंद झाले.

मग रोजच. रोज तीनला ठोके, रोज ते संपेपर्यंत तबला. अर्णव परीक्षेला गेलाच नाही.

"ताई, मी रोज मारतोय तिला," तो म्हणायचा.

एका रविवारी त्याने तबला कपाटात कोंडला आणि कानांवर हात ठेवून बसला. ठोके तासभर चालले. मग आपोआप थांबले...

आणि फळ्यांखाली कुणीतरी लांब श्वास घेतला.

संध्याकाळी मनोज वर आला. सुट्टी असल्याने घरीच होता. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला.

"ताई, आज आई बोलली! माझं नाव घेतलं. 'त्या दिशी' म्हनली, म्होरचं नाय कळलं. उद्या सुट्टी टाकतो. तबला वाजला की ती गप होते. अर्णवला उद्याचा दिवस वाजवू नका देऊ. पाया पडतो तुमच्या."

मी हो म्हणाले.

सोमवारी तीनला ठोके सुरू झाले. मी कपाटातून तबला काढला आणि अर्णवपुढे ठेवला.

"वाजव."

"ताई, नको ना गं."

मी त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने वाजवलं. ठोके मंदावले, थांबले. खालून मनोजचं रडणं येत होतं. "आई, बोल ना गं... आई..."

परीक्षा जवळ आलीय, रियाज चुकवता येत नाही, असं मी मनोजला खोटंच सांगितलं. असलं काही वाचायची त्याला सवय नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता पावणेतीन झालेत. अर्णव झोपेचं सोंग घेऊन पडलाय.

त्याला उठवायला हवं.