झोक्याची चाचणी

ग्राफिक्स कार्डं तपासतो म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर सिनेमे बघायचे आणि पगार घ्यायचा. मी बघतो तो सिनेमा जेमतेम मिनिटाचा. माझी लेक ठमी अंगणात झोक्यावर बसली आहे, बस्स. मीच काढलेला, एचडी. आमच्यात प्रत्येकजण आपापली एक क्लिप वर्षानुवर्षं वापरतो. पाठ झालेलं चित्र जरासं अडखळलं तरी डोळ्याला लगेच खटकतं.

माझ्या क्लिपमध्ये झोका मागे मेंदीच्या कुंपणाकडे गेला, की चित्र हटकून अडखळायचं. एवढी बारीक पानं कार्डाला झेपत नाहीत, म्हणून ते मधल्या फ्रेम गाळतं, असं समजून मी कितीतरी कार्डं नापास केली.

त्या दुपारी नवं कार्ड आलं. आमची खोली बिनखिडकीची. पडदा नीट दिसावा म्हणून मी दार लावून दिवा मालवला. पंख्यांची घरघर, तापलेल्या धातूचा वास. क्लिप लावली. चित्र लोण्यासारखं सरकत होतं, एकही फ्रेम गळत नव्हती. मी खूश झालो. तेवढ्यात झोका मागे गेला.

कुंपणातून दोन हात आले. ठमीच्या पाठीला टेकले आणि त्यांनी झोका ढकलला.

व्हिडिओ काढताना तिथे कुणीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. क्लिप परत लावली. परत तेच हात, आणि झोका आधीपेक्षा उंच. एवढा उंच झोका मी तिला कधी घेऊच दिला नव्हता. मी घाबरून घरी फोन लावला. ठमी अंगणात खेळतेय, असं बायको म्हणाली. पडद्यावर क्लिप चालूच होती, आवाज बंद. पण फोनमधून झोक्याच्या कड्यांची करकर येत होती... पडद्यावरच्या झोक्याच्या तालात.

“तिला खाली उतरव.”

“उतरवते. पण अहो... आज ती फारच उंच जातेय. मागे कुणी नाही, तरी...”

झोका पुढे, अगदी वर गेला. तो मागे फिरायच्या आत मी क्लिप थांबवली.

फोनमधली करकर थांबली.

“अहो...” ती कुजबुजली. “झोका वरच राहिलाय. खाली येतच नाहीये. माझा हात पोचत नाही...”

पुढे चालवावं, तर झोका त्या हातांकडेच जाणार. बंद करावं, तर एवढ्या उंचावरून ठमी... मी पडद्याकडे बघत राहिलो. चित्र थांबलेलं होतं. तिचे केसही हवेत होते तसेच होते. पण कुंपणातून निघालेले ते हात हळूहळू लांब होत होते.