हिऱ्याची निळी शिंगं

"भंगारवाला संध्याकाळी टेम्पो घेऊन येतोय. पिंके, गाडीतलं तुजं काय आसंल ते काढून घे," गेणबा लेकीला म्हणाला आणि पिंकीची करंजी तोंडातच राहिली.

गाडी म्हणजे हिऱ्या. मुळशी धरणापलीकडच्या त्यांच्या वस्तीवरची एकुलती एक पांढरी, जुनाट डिझेल जीप. शेवटचा बैल विकून गेणबाने ती घेतली, तेव्हा पोरांनी बैलाचंच नाव तिला दिलं. वस्तीवरची सगळी पोरं तिच्यातूनच पौडच्या शाळेत जात. हिऱ्या गेला की पिंकीची रवानगी मारुंजीला आत्याकडे, तिथल्याच शाळेत, हे ठरूनच गेलं होतं. आई, मैत्रिणी, सगळं सोडून! पिंकीला रडू फुटत होतं, पण धाकट्या भावासमोर, माऊलीसमोर रडायचं म्हणजे जन्मभर चिडवून घ्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या भाडेकरूंची मुलगी किमया वडिलांबरोबर वस्तीवर आली होती. तिला चौकशा भारी. हिऱ्याला झालंय तरी काय, असं तिने विचारलं. माऊलीने सांगितलं, गेल्या महिन्यात भुकूमच्या मनीष मिस्त्रीने इंजिन खोलून पुन्हा बांधलं आणि तेव्हापासून हिऱ्या काळा धूर ओकतो, हिवताप आल्यासारखा थडथडतो. मिस्त्री म्हणतो, इंजिनाचं वय झालं.

"आधी कसा चालायचा?"

"एकदम झ्याक," माऊली म्हणाला.

"मग खोलल्यावरच बरं वय झालं त्याचं?"

प्रश्न बिनतोड होता. तिघांनी लगेच बॉनेट उघडलं. इंजिनावर ओळीने चार इंजेक्टर होते, म्हणजे आत डिझेलचे फवारे मारणाऱ्या तोट्या. यंदा पोळ्याला रंगवायला बैलांची शिंगं नव्हती, म्हणून पिंकीने उरलेला निळा रंग त्या चौघांना फासला होता आणि त्यापायी आबांची, म्हणजे गेणबाची, बोलणीही खाल्ली होती. मिस्त्रीने घासूनपुसूनही तिघांच्या खाचांत रंग चिकटून होता. तिसरा मात्र कोरा करकरीत.

"ह्यो आपला न्हाई," पिंकी म्हणाली.

आबांना दाखवलं, तर ते हसले. धुताना रंग गेला असेल, मिस्त्रीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, जा खेळा म्हणाले. झालं! मोठी माणसं एकदा हसली की पुढचं ऐकतच नाहीत.

किमया मात्र विचारात पडली. तिच्या बाबांची, विश्रामकाकांची जीपही तसलीच जुनी डिझेल, मनीष मिस्त्रीकडूनच त्याच आठवड्यात दुरुस्त झालेली. आणि येताना चढावर बाबा सारखे कुरकुरत होते, की ही हल्ली लंगडतेय. तिने ओट्यावर पेंगणाऱ्या बाबांना हलवून उठवलं आणि त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. तीन इंजेक्टर कोरे. चौथ्याच्या खाचेत निळा रंग!

आता हसायची सोय राहिली नाही. विश्रामकाकांनी फोन लावला आणि दुपार कलायच्या आत मनीष मिस्त्री मोटरसायकलवरून हजर झाला. दोन्ही गाड्यांत डोकावला आणि मान खाजवत त्याने चूक कबूल केली. नवरात्राच्या घाईत त्याने दोन्ही इंजिनांचे भाग एकाच घमेल्यात धुतले होते.

"दिसायला सारखेच असतात हो," तो पुटपुटला. "आतली भोकं तेवढी येगळी."

डिझेल उडेल म्हणून पोरांना लांब उभं करून त्याने दोन्ही इंजेक्टर ज्याचे त्याला बसवले. तो शेवटचा नट आवळतोय, तोच भंगारवाल्याचा टेम्पो दारात. गेणबाने किल्ली फिरवली. हिऱ्या खोकला, पुन्हा खोकला आणि मग पहिल्यासारखा एका सुरात चालू लागला. धूर नाही, थडथड नाही. गेणबा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता ऐकत राहिला. मग खाली उतरला आणि त्याने टेम्पोवाल्याला चहा पाजून रिकामाच परत पाठवला.

"मिस्तरी, फुडच्या येळंला माज्या पोरीला इचारून जोड," तो म्हणाला. विश्रामकाकांनी किमयाची पाठ थोपटली. पिंकीकडे वळून आबांनी विचारलं, "त्यो रंगाचा डबा कुटं हाय?"

पिंकीने भीतभीतच डबा आणला. आबांनी त्यात बोट बुडवून परत आलेल्या तिसऱ्या इंजेक्टरवर स्वतः निळा टिळा लावला.

"शाळा उघडू दे," ते म्हणाले. "हिऱ्यात फुडची शीट तुजी."

आता मात्र पिंकीला रडू आवरेना. माऊलीने ते पाहिलं आणि चिडवलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.