माझी सॅक मीच उचलणार

चष्म्याच्या दुकानातला तो आणि बेकरीतली मी – आमची ओळख झाली ती माझ्या मोडक्या चष्म्यामुळे. त्याने काडी बसवली, काचा पुसल्या आणि म्हणाला, “नंबर नाही वाढलेला, मैदा साठलाय.” तेव्हापासून मी त्याची ‘मैदाबाई’. मग तो रोज संध्याकाळी पाव घ्यायला येऊ लागला... एकट्या माणसाला एवढा पाव कशाला लागतो, हे आमच्या मालकीणबाईंनी माझ्या आधी ओळखलं!

त्याने डोंगररांगेवरून आठवडाभर चालत जायचा बेत सांगितला आणि मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. घरात सगळे हसले. लहानपणी मला दमा होता. माझं दप्तरसुद्धा दादाच उचलायचा.

“पहिल्या मुक्कामाहून संध्याकाळी बस आहे,” आई म्हणाली. “हट्ट न करता परत ये.”

“मी जेवायला थांबतो तुझ्यासाठी,” दादाने वर मीठ चोळलं.

त्या बसमध्ये चढायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. निघताना बेकरीच्या काट्यावर आमच्या दोन्ही सॅक अगदी सारख्या वजनाच्या करून घेतल्या.

चढ सुरू झाला. भुरभुर पाऊस, ओलं गवत, पुढे त्याची पाठ. दम लागला की थांबायचं, पाणी प्यायचं, निघायचं... पण दर थांब्यानंतर माझी सॅक हलकी लागत होती. रोज कणकेचे गोळे हातावर तोलणारी मी, मला कोण फसवणार?

माथ्यावर पोचताच मी त्याला अडवलं. “उघड तुझी सॅक.”

“का? भूक लागली?”

“उघड!”

आत माझा स्टोव्ह, माझे बिस्किटांचे पुडे, माझा स्वेटरसुद्धा! माझं डोकंच फिरलं.

“उचलायला घरी दादा काय कमी होता?”

तो ओशाळला. “तू दमली असतीस, तर...”

“तर दमले असते! पाय माझे आहेत.”

सगळं माझ्या सॅकमध्ये कोंबून मी उतार उतरू लागले. गुडघे बोंबलत होते. रडू येत होतं, पण ते गुडघ्यांमुळे नव्हतं. मला हा माणूस आवडत होता, आणि त्यालाही मी ओझंच वाटले होते.

मुक्कामाच्या गावात बस उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या मागोमाग उतार उतरून तो लंगडत आला. टाच सोलली होती.

“जाणार?” त्याने विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“सकाळपासून या बसचीच धास्ती घेतलीये मी.” तो माझ्याकडे बघतच नव्हता. “तू दमलीस की हिच्यात बसशील... म्हणून काढत होतो एकेक वस्तू. तुला झेपणार नाही म्हणून नाही गं – तू जाऊ नयेस म्हणून.”

मी सॅक खाली ठेवली. बस वळणाआड गेल्यावर दादाला फोन लावला. “जेवून घे. मी येत नाही.”

मग त्याच्या सॅकवरचा तंबू सोडवला आणि माझ्या सॅकवर बांधायला घेतला.

“अगं, जड आहे तो!”

“टाच तुझी सोललीये. आणि तू जाऊ नयेस, असं मलाही वाटतं.”

तो खाली बसला, दोरीचं दुसरं टोक धरून. बराच वेळ नुसता हसत राहिला.

“उद्याच्या मुक्कामाला बस नाही हं, मैदाबाई...”

“मग तुझी सुटका नाही,” मी म्हणाले आणि गाठ आवळली.